रिकामं सोडलेलं नाव

दर महिन्याच्या एक तारखेला नकाशा निघायचा. नकाशा म्हणजे नुसती यादी, दोनशे चौदा ठिकाणांची. ती सांभाळणारी बाई तंत्रशिक्षण संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, कॉम्प्युटरच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून बसत असे. ऑफिसात तिला सगळे 'बाई' म्हणत. घरी ती 'मोठी' होती, कारण तिच्या पाठीवर एक धाकटी होती. आपणही तिला मोठीच म्हणू.

ते दिवस ईमेलचे अगदी सुरुवातीचे. एका मशीनचं पत्र दुसऱ्याला थेट जात नसे. मशीनं ठरलेल्या वेळी एकमेकांना फोन करत, हातातली पत्रं पुढच्याच्या हवाली करत आणि फोन ठेवत. त्यामुळे पत्ता लिहायचा म्हणजे सगळी वाटच लिहायची. आधी 'खडू', तिथून 'कासव', तिथून 'लोलक', आणि मधे एकेक उद्गारचिन्ह. खडू हे अध्यापक विद्यालयाचं मशीन, कासव ग्रंथालयाचं, लोलक घड्याळांच्या कारखान्यातलं. मोठीच्या मशीनचं नाव 'चिमणी'. दोन मशीनांनी एकच नाव घेतलं की पत्रं भलत्याच्याच दारात, म्हणून नाव आधी मोठीकडे नोंदवावं लागे. नोंदीत नाव, संपर्काची व्यक्ती, फोन नंबर, जागेचे अक्षांश-रेखांश, आणि शेजारी कोण, त्याच्याशी किती वेळा बोलणं होतं, एवढं सगळं.

हे नियम मोठीने स्वतः लिहिले होते. अकरा पानं, सतरा नियम, एकही शब्द फुकटचा नाही. त्यातला नववा तिचा लाडका. एखादं नाव यादीतून काढलं तरी ते रिकामं सोडायचं नाही, वर्षभर तिथे 'राखीव' अशी ओळ ठेवायची. कारण जुने नकाशे शंभर मशीनांवर पडून असतात, जुन्या पत्त्यांवर पत्रं येतच राहतात. नाव मोकळं दिसलं तर कोणीही उचलेल, आणि मग ती पत्रं त्याची. हे लिहिताना मोठीला आपण फार शहाण्या आहोत असं वाटलं होतं. होतीच ती शहाणी. प्रश्न शहाणपणाचा नव्हताच.

प्रश्न धाकटीचा होता.

धाकटी दूर डोंगरावर हवामान केंद्रात होती. तिच्या मशीनचं नाव 'वारा'. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिचं पत्र यायचं, अप्पांच्या नावाने, चिमणीवर. मोठी ते छापून घरी न्यायची. अप्पा, म्हणजे वडील, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. आता डोळ्यांना दिसायचं कमी, म्हणून पत्र वाचूनही मोठीच दाखवायची. सकाळच्या गोळ्या मोठी द्यायची, पाय मोठी चेपायची, डॉक्टरकडे मोठी न्यायची. आणि संध्याकाळी ती चप्पल काढते न काढते तोच आतून आवाज यायचा, "धाकटीचं पत्र आलं का गं?"

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काय उगीच नाही. वर्षातून चार दिवस यायचं, अप्पांच्या गळ्यात पडायचं, "किती वाळलात!" म्हणून डोळे पुसायचे आणि मोठीकडे असं बघायचं की जणू हिनेच वाळवले. मोठी मनात म्हणायची, ये, राहा सहा महिने, आणि मग पूस डोळे.

तरी तिने खूप सोसलं. पण एका रविवारी समोरचे शिंपीकाका गप्पा मारायला आले आणि अप्पा त्यांना छाती फुगवून म्हणाले, "ते कॉम्प्युटरवरून पत्र जातं ना, आमची धाकटी त्यात आहे. तिच्यामुळे चाललंय ते सगळं."

मोठी चहाचा कप घेऊन दारात उभी होती. शिंपीकाकांनी विचारलं, "आणि ही?"

"ही होय?" अप्पा म्हणाले. "ही आणून देते."

मोठीने कप ठेवला, साखर कमी झाली का विचारलं आणि आत गेली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आणून देते! अकरा पानं, सतरा नियम, आणि आणून देते!

मोठी काही भांडकुदळ नव्हती. तिने जे केलं ते पद्धतशीर केलं. दर सहा महिन्यांनी प्रत्येक ठिकाणाला एक पत्र जायचं, 'तुमची नोंद बरोबर आहे का?' तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर नाव कमी. या खेपेला तिने दोनशे तेरा पत्रं पाठवली. वाराला पाठवलंच नाही. मग तीस दिवस थांबली, आणि एक तारखेला वाराची नोंद खोडली.

पोपटने ते पाहिलं. पोपट हा पन्नाशीचा, टक्कल पडलेला तंत्रज्ञ. मोडेम एकमेकांना फोन लावताना जे किंचाळतात तो आवाज तो तोंडाने हुबेहूब काढायचा, म्हणून पोपट.

"बाई, वारा गेलं?"

"उत्तर नाही आलं."

"तुमच्या बहिणीचं ना ते?"

"नियम बहिणीला वेगळा असतो का?"

"राखीवची ओळ टाकली?"

"टाकते," मोठी म्हणाली.

टाकली नाही. त्या ओळीत लिहावं लागलं असतं, 'वारा, अमक्यासाठी राखून ठेवलं आहे'. नाव खोडूनही पुन्हा तिच्यासाठी जागा राखायची? मोठीच्या हाताला ते होईना. नववा नियम तिने आयुष्यात एकदाच मोडला, तो त्या दिवशी.

मंगळवारी पत्र आलं नाही. शुक्रवारीही नाही.

"कामात असेल हो ती," मोठी अप्पांना म्हणाली.

त्या आठवड्यात अप्पा दोन संध्याकाळी तिच्याशी पत्ते खेळले. एकदा तर तिने लपवलेला एक्का त्यांनी पकडला आणि तिच्या हातावर चापट मारली. इतक्या वर्षांत मोठीला असं हलकं वाटलं नव्हतं. तिला लाजही वाटली नाही, खरं सांगायचं तर.

पुढच्या मंगळवारी पत्र आलं.

चिमणीवर नेहमीसारखं, वाराकडून, लोलक, कासव, खडू या वाटेने. मोठीने कपाळाला हात लावला. कोणाच्या तरी मशीनवर जुना नकाशा राहिला असणार. तिने ते छापलं, वाचलं. 'अप्पा, गुडघा कसा आहे? थंडी पडतेय, पायात मोजे घालून झोपा.' धाकटीचीच लिहायची धाटणी, फक्त थोडी जास्त मायेची. मोठीने कागदाची घडी घातली आणि टेबलाच्या खालच्या खणात टाकली. घरी सांगितलं, नाही आलं.

शुक्रवारच्या पत्राची पहिलीच ओळ अशी होती, 'अप्पा, मंगळवारचं पत्र ताईच्या टेबलाच्या खालच्या खणात राहिलंय. तिला आठवण करा.'

मोठीने ती ओळ चार वेळा वाचली. मग खोलीत कोण कोण येऊन गेलं असेल ते आठवलं. पोपटशिवाय कोणीही नाही, आणि पोपटला कोणाचं पत्र उघडून बघण्यात रस नव्हता. त्याला स्वतःची पत्रं वाचायचाही कंटाळा. तिने खण उघडला. घडी होती तशीच होती. त्या संध्याकाळी तिने दोन्ही पत्रं घरी नेली आणि अप्पांनी ती दोनदा वाचून घेतली.

सोमवारी दुपारी ऑफिसात फोन आला. डोंगरावरून. धाकटी.

"ताई, काय झालंय तुमच्या मशीनला? माझी सगळी पत्रं परत येतायत. 'असं ठिकाण नाही' म्हणून. दोन आठवडे झाले!"

"परवा शुक्रवारी तर आलं तुझं."

"माझं? अगं एकही गेलेलं नाही. मी आज वैतागून फोन केला."

वायरीच्या पलीकडे वाऱ्याचा घोंघाट ऐकू येत होता.

"आणि ताई, काल मी घरी फोन केला होता. अप्पा म्हणाले, कोण पाहिजे? मी म्हटलं, मी धाकटी. तर म्हणाले, धाकटीचा आवाज मला माहीत आहे, आणि ठेवून दिला. त्यांना बरं आहे ना गं?"

"वय झालंय," मोठी म्हणाली. "बघते मी."

तिने लगेच घड्याळांच्या कारखान्यात फोन लावला. तिथला मशीन सांभाळणारा माणूस हसला. "बाई, तुम्हीच काढलंत ना वाराला? आमचं मशीन एक तारखेपासून त्यांना फोनच लावत नाही. आमच्याकडून वाराचं एक पत्र गेलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जे पत्र आलं, त्याच्या वाटेत लोलक नव्हतंच. वारा, मग थेट कासव. शुक्रवारी कासवही गळलं. वारा, खडू, चिमणी.

आता मोठी गणिती डोक्याची बाई. तिने भुताखेतांचा विचार केला नाही. कोणीतरी नाव उचललंय, असंच तिला वाटलं. नववा नियम कशासाठी होता मग! तिने यादी उघडली. आणि तिथे, 'वाफ' आणि 'वाळू' यांच्या मधे, एक नोंद होती. व्यवस्थित, तिच्याच नमुन्यात भरलेली. वारा. संपर्काची व्यक्ती, कोरं. फोन, कोरा. शेजारी, खडू. अक्षांश-रेखांश मात्र भरलेले.

"पोपट, ही तुम्ही टाकलीत?"

"मी कशाला हात लावू तुमच्या यादीला? जीव नकोसा झालाय का मला?"

तिने नोंद खोडली आणि धाकटीची जुनी, खरी नोंद परत घालायला घेतली. मशीनने उत्तर दिलं, हे नाव दिलेलं आहे. पुन्हा घातली. हे नाव दिलेलं आहे. यादी पुन्हा उघडली तर ती नोंद जागच्या जागी.

भिंतीवर मोजणी खात्याचा मोठा नकाशा होता. मोठीने पट्टी लावली, ते अक्षांश-रेखांश शोधले आणि पेन्सिलीने टिंब दिलं. डोंगरापासून बरंच खाली, मोकळ्या माळावर. तिथे इमारत नव्हती, तारेचा खांबही नव्हता. नुसता रस्ता होता, शहराकडे येणारा.

दोन दिवसांनी नोंदीतले आकडे वेगळे होते. तिने दुसरं टिंब दिलं. त्याच रस्त्यावर, अलीकडे.

"बाई," पोपट म्हणाला, "ठिकाण चालतंय की काय हो हे?" आणि हसला. मग मोठीचं तोंड बघून त्याने हसू आवरलं. त्या दिवसानंतर त्याने मोडेमचे आवाज काढले नाहीत.

पत्रं आता रोज यायला लागली. मोठीने ती घरी नेली नाहीत तरी फरक पडेना. अप्पांना मजकूर माहीत असायचा. "मोजे घाल म्हणालीये ती," म्हणायचे, आणि मोजे मागायचे. एके दिवशी मोठीने ठरवलं, सांगून टाकायचं. ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"अप्पा, ही पत्रं धाकटीची नाहीत."

"मग कोणाची?"

"माहीत नाही. मी तिचं नाव यादीतून काढलं. मुद्दाम काढलं. तेव्हापासून कोणीतरी तिच्या नावाने लिहितंय."

अप्पा तिच्या दिशेने वळले. "का काढलंस?"

मोठीला खोटं सुचलं नाही. "तुम्ही सारखं तिचंच विचारता म्हणून."

"लहानपणापासून अशीच तू," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "तिच्या ताटात काय आहे तेच बघायचीस. तुला तिचं बघवत नाही, पोरी. आता तिची पत्रंही खोटी?"

"अप्पा, शप्पथ..."

"राहू दे. ती येतेच आहे. मग बघू."

मोठी उठली. रडली नाही. खरं बोलून एवढा मार तिने आयुष्यात खाल्ला नव्हता, आणि दोष कोणाला द्यायचा? लांडगा आला रे म्हणून ती ओरडली नव्हती कधी. पण लांडग्याला दार तिनेच उघडून दिलं होतं.

धाकटीला तिने फोन केला. सगळं सांगितलं, खोडण्यापासून. वाटलं होतं, धाकटी चिडेल, शिव्या घालेल. ती नुसती म्हणाली, "ताई, मला विचारलं असतंस तर मीच काढलं असतं नाव. मला काय करायचंय?" आणि मग, "मी निघते उद्या. बसने. परवा पोचेन."

"ये," मोठी म्हणाली. आणि मनाच्या तळाशी, एवढ्या सगळ्यातही, तिला वाटलं, आता ही येणार आणि अप्पा हिच्याच गळ्यात पडणार. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते असं.

परवा म्हणजे एक तारीख. नकाशाचा दिवस.

सकाळी निघताना अप्पा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसले होते. "आज दोघांचं जेवण करून ठेव," म्हणाले.

"धाकटी दुपारनंतर पोचेल, अप्पा."

"तिचं नि माझं," अप्पा म्हणाले.

मोठीने त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला नाही. भाजी झाकून ठेवली, दाराला बाहेरून कडी न लावता नुसतं ओढून घेतलं, कारण धाकटी येणार होती. मग ऑफिसला गेली.

बारा वाजले. पोपट जेवायला खाली गेला. बाहेर ऊन होतं, अंगणात कोणीतरी सायकलला हवा भरत होतं. मोठीने यादी शेवटची तपासायला घेतली. एकशे नव्वद, एकशे एक्क्याण्णव. वाफ. वारा.

आज नोंद पूर्ण भरलेली होती. एकही जागा कोरी नव्हती.

शेजारी, चिमणी. दुसरं कोणी नाही.

बोलणं किती वेळा, सतत.

अक्षांश-रेखांश. मोठी पट्टी घेऊन भिंतीपाशी गेली. तिने दोनदा मोजलं. पेन्सिलीचं टोक ज्या गल्लीवर टेकलं, त्या गल्लीतून ती दोन तासांपूर्वी आली होती.

फोन नंबर वाचायची गरज नव्हती. तो तिला पाठ होता.

संपर्काची व्यक्ती, मुलगी.

तिने फोन ओढला आणि घरचा नंबर फिरवला. अप्पांना भिंतीला धरत फोनपर्यंत यायला दहा-बारा घंटा लागत. दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला.

"हॅलो?"

बाईचा आवाज. धाकटीचा नव्हे. ओळखीचाही नव्हे. किंचित धापा टाकणारा, जसा स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आलेल्या कोणाचाही असतो.

"अप्पांना द्या," मोठी म्हणाली.

"जेवतायत हो ते."

मागे ताटावर चमचा वाजला. आणि अप्पा हसले. पोटातून, मोठ्याने, ठसका लागेपर्यंत. मोठीने त्यांना असं हसताना कधी ऐकलं होतं, तिला आठवेना. भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी तिचा जळफळाट झाला.

"कोण बोलतंय म्हणून सांगू?"

"मी," ती म्हणाली. "मोठी. मोठी बोलतेय म्हणून सांगा."

फोनवर तळहात ठेवल्यासारखा आवाज आला. पलीकडे काहीतरी विचारलं गेलं. मग अप्पांचा आवाज, तोंडात घास असलेला, खुशीतला.

"मोठी कोण? तू एकटीच तर आहेस मला."

तळहात निघाला. आवाज अगदी मायेचा होता.

"त्यांना आत्ता नाही हो उठता येणार. तुम्ही असं करा ना, पत्र पाठवा. मी दाखवीन वाचून."